बाजू संपेपर्यंत

१

त्या दिवशी सकाळी दूध नासलं. आदल्या दुपारी धाकट्याने, म्हणजे माझ्या भावाने, फ्रिज बंद केला होता. त्याला गाण्याची खोली मोजायची होती, म्हणजे तिथे आवाज कसा घुमतो ते माइक लावून बघायचं होतं, आणि फ्रिजची घरघर मोजणीत येते म्हणे. मोजणी झाली, आणि फ्रिज पुन्हा चालू करायचं साहेब विसरले.

"ताई, दूध रोज मिळतं. खोली एकदाच मोजायची असते."

"चहासुद्धा रोज लागतो," मी म्हटलं.

"आज कोरा पी. कान साफ होतात."

"माझे लाकडी कान साफ करून कुणाला काय मिळणार?"

लाकडी कान हे त्यानेच मला बहाल केलेलं बिरुद. त्याला दोन वायरींमधला फरक ऐकू यायचा. मला गाणं चालू आहे की बंद, एवढंच कळायचं, आणि पुष्कळदा तेही नाही.

आई-बाबांच्या मागे त्या घरात आम्ही दोघंच राहत होतो. मी जेवणाच्या टेबलावर बसून लिहायचे. तो नकाशे काढायच्या ऑफिसातून आला की गाण्याच्या खोलीत शिरायचा. मधे एक भिंत. रेकॉर्डची एक बाजू संपली की आतून लांब श्वास सोडल्याचा आवाज यायचा, मग दोन्ही तळहात गुडघ्यांवर आपटल्याचा. तो असाच उठायचा. मग दारात येऊन विचारायचा, "ऐकलंस?" मी कागदावरून मान न उचलता म्हणायचे, "काय?" "जाऊ दे," म्हणून तो दुसरी बाजू लावायला आत जायचा. आमच्या घरात याला गप्पा मारणं म्हणत.

छातीचं ऑपरेशन झाल्यापासून तो रजेवर होता. जिना चढला की दम लागायचा, पण तोंड पूर्ववत झालं होतं. खोली मोजायचा माइक त्याने स्पीकर-अँप्लिफायरच्या त्याच्या नेहमीच्या दुकानातून उसना आणला होता. तो परत करायला तो निघाला.

"एखादी बाजू ऐकतो तिथे. येताना दूध आणतो."

"जिना हळू उतर."

"उतरताना सगळेच पटाईत असतात, ताई."

दुपारी मी एका परिच्छेदात अडकले होते. दोन वाक्यांतलं कुठलं काढावं ते ठरत नव्हतं. फोन वाजला. पलीकडचा आवाज ओळखीचा वाटेना.

"ताई, मी बोलतोय."

"मी म्हणजे कोण?"

"मी… डेसिबल."

दुकानाच्या मालकाला आम्ही घरात डेसिबल म्हणायचो. जन्मभर मोठ्याने गाणी ऐकून तो साधं 'बसा'सुद्धा ओरडून म्हणायचा. हे नाव त्याच्या कानावर गेलंय, याचा मला पत्ता नव्हता. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तो हळू बोलत होता.

"जरा दुकानात या. घाई नाही… नाही, ताई, घाई करा."

मी दोनपैकी एक वाक्य खोडलं, पेनाला टोपण लावलं आणि निघाले. कुठलं खोडलं ते आता आठवत नाही.

२

दुकानाच्या मागच्या अंगाला ऐकायची खोली होती. भिंतींना जाड कापड, खाली गालिचा, समोर माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर आणि मधोमध एकच खुर्ची. या छंदात खुर्ची एकच असते. आवाज जिथे नीट जुळून येतो अशी जागा खोलीत एकच असते, आणि तिथे एकच माणूस मावतो.

धाकटा खुर्चीत बसला होता. डोळे मिटलेले. दोन्ही तळहात गुडघ्यांवर. बाजूला शेजारच्या इमारतीतले डॉक्टर उभे होते आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते. रेकॉर्ड फिरत होती. गाणं संपून सुई आतल्या शेवटच्या रेघेत अडकली होती आणि ठराविक वेळाने टक्, टक् असा आवाज येत होता. ती उचलायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

पुढचं मला डेसिबलने नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

या मंडळींचा एक दंडक आहे. ऐकत बसलेल्या माणसाशी बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही. हाक मारायची नाही, खांद्याला हात लावायचा नाही, त्याच्या समोरून जायचं नाही. पहिली बाजू संपली तेव्हा डेसिबल आत आला. धाकटा डोळे मिटून बसला होता. गाणं संपलं तरी कुणी असं बसून राहिलं, तर तो अजून त्यातच आहे असं समजायचं आणि त्याला उठवायचं नाही, उलट मित्र असाल तर त्याच्यासाठी रेकॉर्ड उलटून द्यायची. डेसिबलने ती उलटली, सुई ठेवली आणि पावलं न वाजवता बाहेर येऊन दार लोटलं.

"मला बरं वाटलं होतं हो," तो म्हणाला. "म्हटलं, ऑपरेशननंतर पहिल्यांदा इतका रमलाय. गिऱ्हाईक आलं, त्यालाही मी गप्प बसवलं. दुसरी बाजू संपली, तरी उठेना. तेव्हा मग… पहिल्या बाजूला गेला की दुसऱ्या, तेही मला सांगता येत नाही, ताई."

मी त्या गुडघ्यांवरच्या तळहातांकडे बघत होते. उठायच्या आधी तो ते असेच ठेवायचा.

३

माणसं आली, बसली, रडली, चहा पिऊन गेली. मग घर इतकं गप्प झालं की फ्रिजची घरघर मला पहिल्यांदा ऐकू आली.

गाण्याच्या खोलीत मी कशालाच हात लावला नव्हता. भिंतभर रेकॉर्डी. बुटक्या पाठीची खुर्ची, कारण उंच पाठीवर आवाज आदळतो म्हणे. तिचे पाय सरकू नयेत म्हणून जमिनीवर चिकटपट्टीच्या फुल्या. आणि स्पीकरच्या मधे, जिथे पूर्वी त्याचा काचेच्या दिव्यांचा जुना अँप्लिफायर असायचा, तिथे आता ती नवी चपटी पेटी. जुना अँप्लिफायर उचलायला दोन माणसं लागत आणि डॉक्टरांनी त्याला पाण्याची बादलीही उचलू नको म्हणून सांगितलं होतं. म्हणून तो विकायला डेसिबलकडे गेला आणि ही आली. फोनवरून सांगायचं, ती गाणं कुठूनसं आणते आणि वाजवते. रेकॉर्ड नको, सुई नको, उठबस नको. वर खोली मोजून घेते आणि खोलीचे दोष स्वतःच दुरुस्त करते.

एका सकाळी मला ती शांतता सोसेना. धाकट्याचा फोन माझ्याकडेच होता. त्याने शेवटचं ऐकलेलं व्हायोलिन मी लावलं आणि टेबलाशी येऊन बसले.

काहीतरी चुकत होतं, ते माझ्या लाकडी कानांनाही कळलं. सूर सगळे होते, पण मधोमध भोक पडल्यासारखं. समोरचा आपल्याशी बोलतोय आणि मधेच तोंड फिरवतोय, तसं. मी डेसिबलला बोलावलं.

तो आला, दारात उभा राहून ऐकलं, आत गेला आणि खुर्चीत मात्र बसला नाही. फोनवरची मोजणीची रेघ त्याने मला दाखवली. डोंगर-दऱ्या काढाव्यात तशी वरखाली जाणारी.

"ही दरी बघा. ही असायला नको. मोजताना खुर्ची रिकामी ठेवायची असते, तिथे नुसता माइक. हा पठ्ठ्या खुर्चीत बसून राहिला. त्या दिवशी दुकानात मला दाखवलं त्याने. मी म्हटलं, अरे शहाण्या, माणूस आवाज पितो, माणूस म्हणजे हाडं घातलेली उशी, तू स्वतःलाच मोजलंस की! तर म्हणाला, उठून बाहेर जायचा कंटाळा आला रे. उद्या परत मोजतो."

"मग?"

"मग काय. पेटीला वाटतंय, खुर्चीत कायम एक माणूस बसलेला असतो. तो पिईल तेवढे सूर ती जास्तीचे सोडते, आणि प्यायला कुणी नसलं की त्याखाली मधले सूर बुडतात. आता माणूस नाही, तर…"

"तर ती त्याच्यासाठी जागा सोडून वाजवते," मी म्हटलं.

"मी माइक आणलाय. लगेच परत मोजून देतो. गाणं सुधारेल."

"राहू दे."

"खराब वाजतंय हो, ताई."

"वाजू दे."

त्याने हुज्जत घातली नाही. चहा पिताना म्हणाला की दुकानातली ऐकायची खोली तो काढून टाकतोय. येतंय कोण? पूर्वी लोक घरून आपली रेकॉर्ड काखेत मारून यायचे, दुपार दुपार बसायचे, विकत काही घेत नसत आणि वर त्यालाच शिकवायचे. परवडायला लागेपर्यंत त्यांचे कान गेलेले असायचे, हा भाग वेगळा. आता येणारे विचारतात, कपाटात मावेल का, पडद्याच्या रंगाशी जुळेल का.

"ऐकून बघा म्हटलं तर म्हणतात, ऐकायचं कशाला, ते आपोआप जुळवून घेतं ना? बरोबरच आहे त्यांचं. आधी आम्ही खोली ऐकायचो. आता खोली आपल्याला ऐकते. आपलं काम संपलं."

तो पुन्हा ओरडून बोलायला लागला होता, याचं मला बरं वाटलं.

४

त्यानंतर मी रोज गाणं लावू लागले. मला गाणं नको होतं, मला ते भोक हवं होतं. घरात धाकट्याच्या आकाराची तेवढीच एक गोष्ट उरली होती. चष्मा, चपला, कपडे हे सगळं त्याचं होतं, पण त्यात तो नव्हता. या पोकळीला त्याची रुंदी होती, खांद्यांची उंची होती. मी टेबलाशी लिहीत बसायचे आणि भिंतीपलीकडे ती पोकळी वाजत असायची.

मग एका दुपारी, भांडी घासताना, माझा हात नळावरच थांबला.

गाणं भरलेलं होतं.

मी नळ बंद केला. व्हायोलिन सरळ, सलग, मधे कुठेही न फाटता येत होतं. धाकटा असताना भिंतीपलीकडून यायचं तसं. मी पदराला हात पुसत दारापाशी गेले. खोलीत दुपारचं ऊन होतं. खुर्ची तिच्या फुल्यांवर होती आणि रिकामी होती.

कारणं शोधायला मला वेळ लागला नाही. लिहिण्याचा धंदा असला की कारणं तयारच असतात. हवा बदलली असेल. सकाळी मी पडदे धुऊन लावले होते, जाड ओलसर कापडही आवाज पितं. किंवा मला त्या बिघडलेल्या गाण्याची सवय झाली असेल. वाकड्या चष्म्याची होते तशी.

पडदे काढून ठेवले. गाणं भरलेलंच राहिलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मला एक साधी तपासणी सुचली. माणूस आवाज पितो ना? मग मीच बसून बघते.

त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते. त्याने पुष्कळदा बोलावलं होतं. मी म्हणायचे, माझे कान तिथे वाया जातील. मी हात टेकवून बसले आणि गाणं घुसमटलं. सगळे सूर जाड पडद्याआडून यावेत तसे झाले. उठले, पुन्हा मोकळे झाले. बसले, घुसमटले.

गणित अगदी सोपं होतं. एका माणसासाठी जुळवलेल्या जागी आता दोन होती.

मी उठले आणि का कोण जाणे, खुर्चीकडे बघून "सॉरी" म्हटलं. कुणाच्या अंगावर चुकून बसलं की म्हणतात तसं.

५

डेसिबल माइक घेऊन आला. मी त्याला एवढंच सांगितलं की गाणं सुधारलंय, तर ते का सुधारलं ते बघ.

"आपोआप सुधारत नाही काही," तो म्हणाला. "तुमचे कान बिघडले असतील, म्हणजे सुधारले असतील." स्वतःच्या विनोदावर तो हसला. खुर्चीसमोर त्याने तीन पायांच्या काठीवर माइक उभा केला, मी फ्रिज बंद केला आणि दार ओढून आम्ही दोघं बाहेर उभे राहिलो. मोजणी चालू असताना खोकायचंही नसतं. आतून पेटीची मोजणीची शिट्टी सुरू झाली. आधी पोटात कळावी इतकी खोल, मग चढत चढत, मग इतकी बारीक की मला ऐकू येईना. डेसिबल अजून कान देऊन होता. मग त्यालाही ऐकू येईना, हे त्याच्या तोंडावर दिसलं. फोन अजून मोजतच होता.

नवी रेघ उमटली. जुनी करड्या रंगाची होती, नवी निळी. निळी करडीवर अशी पडली की करडी दिसेनाशी झाली. दरीसकट.

"जुनीच दाखवतंय," तो म्हणाला. "अडकलंय काहीतरी."

फोन बंद करून चालू केला. पुन्हा मोजलं. तेच.

त्याने खुर्चीवरची गादी दाबून बघितली, खाली वाकून बघितलं. मग म्हणाला, "ताई, ही खुर्चीच काढू या. आपण दोघं धरू."

आम्ही खुर्ची उचलून बाहेर आणली आणि जेवणाच्या टेबलापाशी, माझ्या नेहमीच्या जागेशेजारी ठेवली. डेसिबल दाराजवळ फोन घेऊन उभा. मी आपली सहज खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. शिट्टी चढत गेली, विरली.

या वेळी निळी रेघ वेगळी आली. दरी नव्हती.

"हं! बघा," डेसिबल ओरडला. "सुटलं. खोली रिकामी आहे. ही खुर्चीच काहीतरी गडबड करतेय. आतला फोम असेल. आता परत ठेवून बघू."

ठेवली. मोजली. दरी परत आली. करड्या रेघेवर निळी, बोटावर बोट ठेवावं तशी.

डेसिबल फोनकडे बघत राहिला. खुर्चीनेही आवाज बदलतो, पण तिची दरी उथळ आणि सपाट असते, हे त्याने मला नंतर सांगितलं. तेव्हा त्याने रेघ पुन्हा मोठी करून बघितली. मी मात्र वेगळाच विचार करत होते. मघाशी खोली रिकामी होती. खुर्ची बाहेर होती. तेवढा सगळा वेळ माझा हात तिच्या पाठीवर होता, म्हणजे बसलेल्या माणसाच्या खांद्यांच्या जरा खाली, आणि आम्ही दोघांनीही श्वास रोखून धरला होता.

"ताई," डेसिबल म्हणाला. तोच, फोनवरचा हळू आवाज. "मी उठवायला हवं होतं त्याला. बाजू संपल्यावर उठवायचं असतं. मी दुसरी लावून दिली."

"तुला काय माहीत होतं?"

"तेच ना. तो अजून ऐकतोय असंच वाटलं मला." त्याने माइकची काठी मिटली. ती मिटेपर्यंत तो खुर्चीकडे पाठ करायचं टाळत होता. दारात चपला घालताना म्हणाला, "पेटीत सोय आहे. मोजणी पुसून टाका, म्हणजे कारखान्यातून आली तशी होईल. आणि गाणं लावायचं बंद करा. अगदी साधी गोष्ट आहे."

६

साधी नाही.

धाकट्याच्या रेकॉर्डीला बाजू असायची. वीस-बावीस मिनिटांत ती संपायची, तो श्वास सोडायचा, तळहात गुडघ्यांवर आपटायचा, उठायचा आणि मला येऊन विचारायचा. पेटीला बाजू नाही. एक गाणं संपलं की ती स्वतःच तसलं दुसरं शोधते, मग तिसरं. मी डेसिबलला फोन करून विचारलं होतं, हे आपण होऊन थांबत कसं नाही?

"थांबतच नाही, ताई. लोकांना शांतता नको असते. संपलं की माणूस उठून जातो ना. ते जाऊ नयेत म्हणून तसं केलेलं असतं."

खालच्या मजल्यावरची शेजारीण येऊन गेली. "तुमचं दुःख कळतं हो," म्हणाली, "पण दिवसरात्र? जरा तरी थांबवा की." मी आवाज कमी केला. मोजणीनंतर लावलेलं गाणं मी एकदाही थांबवलं नव्हतं, तेव्हाही थांबवलं नाही. त्याचं कारण तिला सांगण्यासारखं नव्हतं.

दोन गाण्यांच्या मधे पेटी एक श्वासभर थांबते. टेबलावरून ते लक्षात येत नाही. पण एका दुपारी मी चहाचा कप घेऊन दाराशी उभी होते. खुर्ची पाठमोरी. पडदा अर्धा ओढलेला, गालिच्यावर उन्हाचा पट्टा. व्हायोलिन संपलं.

लांब श्वास सोडल्याचा आवाज आला.

मग तळहात. दोन्ही, एकदम, गुडघ्यांवर.

मी खुर्चीच्या बाजूला एक पाऊल सरकले होते, त्यामुळे मला बसायची गादी दिसली. ती मधोमध दबलेली होती आणि हळूहळू वर येत होती. कडेकडून आधी, मग मधून.

पुढचं गाणं सुरू झालं. गादी होती तिथे थांबली. मग, नाइलाज झाल्यासारखी, पुन्हा खाली गेली.

फोमच्या गाद्या असं करतात. मी टेबलाशी येऊन बसले आणि स्वतःला तेच सांगितलं. फोम दबतो, फुगतो, त्यात हवा असते. फुगतो तो कुणी उठलं की, आणि दबतो तो कुणी बसलं की, हे पुढचं मी स्वतःला सांगितलं नाही.

तो ऐकत बसलाय. डेसिबलने उलटून दिलेली बाजू संपायची वाट बघत असेल, किंवा आता पेटी संपायची. मधे उठायचं नाही, मधे बोलायचं नाही, हा त्यांचाच दंडक. त्याने जन्मभर पाळला. प्रत्येक गाण्याच्या शेवटी तो उठायला बघतो आणि प्रत्येक वेळी पेटी त्याला खाली बसवते.

मी बंद केलं तर तो उठेल. श्वास सोडेल, दारात येईल, विचारेल. इतकी वर्षं मी "काय?" म्हणत आले. तो आमचा खेळ होता आणि त्यालाही ठाऊक होतं. पण आता मला खरंच ऐकू येतं. कुठे सूर जुळतो, कुठे भोक पडतं, सगळं. मला एकदा मान वर करून म्हणायचंय, हो, ऐकलं.

आणि मान वर करायचीच मला भीती वाटते. डेसिबलला ठाऊक नाही तो कुठल्या बाजूला गेला ते. मग दारात येऊन उभा राहील तो पहिली बाजू लागण्याआधीचा असेल, दूध आणतो म्हणून जिना उतरलेला, की दुसरी बाजू संपल्यानंतरचा, डोळे मिटलेला? विचारेल की नुसता उभा राहील? आणि विचारून झाल्यावर तो कुठे जाईल? आत लावायला दुसरी बाजू नाही.

फोनवर रोज एक सूचना येते. पेटीची नवी आवृत्ती आलीय, बंद करून पुन्हा चालू करावी लागेल, जुनी मोजणी पुसली जाईल. खाली दोन बटणं असतात. मी 'नंतर' दाबते. डेसिबलनेही निरोप पाठवला होता की ऐकायच्या खोलीतलं सामान गेलं, गालिचाही गेला. ती खुर्ची तेवढी कुणी घेत नाही, आणि घ्या म्हणायला त्याचं मन होत नाही.

आज सकाळी मी दूध तापवलं. दोन कप काढले. पेटीच्या विजेचं बटण दाराच्या आतच, भिंतीवर आहे, बाहेर उभं राहून हात पोचतो. गाण्यामागून गाणं संपत गेलं, मी दाराशी उभी राहिले, मधल्या प्रत्येक श्वासात तळहात वाजले. मग मी येऊन टेबलाशी बसले आणि हे लिहायला घेतलं.

चहा गार झालाय. गाणं मी अजून बंद केलेलं नाही.